डिझेल पिकअप घेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराचं स्टिकर वाचा

विचारणा थोडक्यात अशी आहे. डॅलसजवळ राहणारं चौघांचं कुटुंब. साडेबारा हजार पाउंड जीव्हीडब्ल्यूआरचा (स्वतःचं वजन आणि सामान मिळून कंपनीनं ठरवलेली मर्यादा) फिफ्थ व्हील कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या भागात (बेडमध्ये) अडकवून ओढायचं फिरतं घर, पसंत करून ठेवलंय आणि दर उन्हाळ्यात तो कोलोरॅडोला न्यायचा बेत आहे. त्यासाठी एफ-२५० किंवा रॅम २५०० या वर्गातला, म्हणजे ज्याला इथे थ्री-क्वार्टर टन म्हणतात तसा, वापरलेला डिझेल पिकअप घ्यायचा आहे. काय तपासावं, नंतर खर्च किती येतो आणि एरवी तोच ट्रक ऑफिसला नेता येईल का, हे तीन प्रश्न. मी टेक्सासात डिझेल पिकअपची दुरुस्ती करतो आणि स्वतःच्या ट्रकला ट्रेलर लावून माल पोचवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्पष्टच सांगतो: या कॅम्परला २५०० डिझेल पुरणार नाही. कॅम्पर बदलायचा नसेल तर ३५००, म्हणजे एक वर्ग वरचा जड ट्रक (फोर्डमध्ये एफ-३५०), बघा.

डीलरकडे गेलात की पहिला आकडा ऐकवतात तो ओढण्याच्या क्षमतेचा. हा ट्रक अठरा हजार पाउंड ओढतो, वीस हजार ओढतो. तो आकडा खोटा नसतो. गेली काही वर्षं बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी करून तो देतात. पण फिफ्थ व्हील ओढताना इंजिन कमी पडायच्या कितीतरी आधी ट्रकची पाठ कमी पडते. कारण या ट्रेलरचं नाक ट्रकच्या बेडमध्ये, मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर टेकलेलं असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के भार तिथे येतो. त्याला पिन वेट म्हणतात. मी हिशेबाला २० टक्के धरतो.

आता तुमचाच हिशेब मांडू. कॅम्पर साडेबारा हजारांचा, म्हणजे पिन वेट अडीच हजार पाउंड. बेडमध्ये बसवायची फिफ्थ व्हील हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, दीडशे ते दोनशे पाउंडांची. चौघं माणसं सहाशे. कूलर, हत्यारांची पेटी, पोरांच्या सायकली असं धरून आणखी दोनशे. झाले साडेतीन हजार पाउंड.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असतं: प्रवासी आणि सामान मिळून इतक्या पाउंडांवर जाऊ नये. हा त्या एका ट्रकचा पेलोड, तो कारखान्यातून निघाला त्या अवस्थेतला. मॉडेलच्या जाहिरातीतला नव्हे. २५००चा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रकचं स्वतःचं वजन आणि त्यावरचं सगळं ओझं मिळून कंपनीनं ठरवलेली मर्यादा, कित्येक मॉडेलांत दहा हजार पाउंडांच्या आसपास अडवलेली असते. क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर-बाय-फोर, डिझेल असा ट्रक स्वतःच साडेसात-आठ हजार पाउंडांचा. त्यामुळे स्टिकरवर दोन-अडीच हजारच उरतात. सनरूफ, चामड्याच्या सीट, पॉवर पायऱ्या अशी चैन जितकी जास्त, तितका पेलोड कमी. एकाच रांगेत उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत चार-पाचशे पाउंडांचा फरक सहज सापडतो. म्हणून विकणाऱ्याला फोन केलात की इंजिनाचं विचारण्याआधी त्या स्टिकरचा फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.

"एअरबॅग टाकल्या की झालं" असं सांगणारे भेटतील. एअरबॅगनं ट्रकचं बूड खाली बसत नाही, दिसायला सपाट दिसतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत. पण अ‍ॅक्सल, रिम, टायर, ब्रेक सगळे तेच राहतात. मर्यादा एका पाउंडानंही वाढत नाही.

३५००मध्ये मागे एकेक चाक असलेला ट्रक आणि दोन-दोन चाकं असलेला ड्युअली, असे दोन प्रकार. एकेरी चाकांच्या डिझेलचा पेलोड साधारण साडेतीन ते सव्वाचार हजारांत मिळतो, ड्युअलीचा पाच हजारांच्या वर. इथे एक मेख आहे. ती माहीत नसेल तर ड्युअलीच घ्यावा असं वाटेल. टेक्सासात ट्रक आणि ट्रेलर यांच्या जीव्हीडब्ल्यूआरची बेरीज २६,००० पाउंडांच्या वर गेली आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वरचा असेल, तर नेहमीचं क्लास सी लायसन्स चालत नाही. घरगुती वापर असला तरी क्लास ए काढावं लागतं. कमर्शियल नव्हे, पण वेगळी परीक्षा आणि त्याच आकाराची गाडी घेऊन ड्रायव्हिंग टेस्ट. ड्युअलीचा जीव्हीडब्ल्यूआर बहुधा १४,००० असतो. त्यात तुमचे साडेबारा हजार मिळवा, २६,५०० झाले. एकेरी चाकांच्या ३५००चा जीव्हीडब्ल्यूआर साडेअकरा-बारा हजारांच्या घरात, म्हणजे बेरीज पंचवीस हजारांच्या आत. तेव्हा तुमच्यासाठी माझं मत एकेरी चाकांचा ३५००, स्टिकरवर चार हजारांच्या आसपास पेलोड असलेला. उद्या मोठा कॅम्पर घ्यायचा विचार असेल तर मात्र आत्ताच ड्युअली घ्या आणि लायसन्सही काढा. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात तर खूपच वेगळे. कुणी तिथे राहत असेल तर टेक्सासचा हा हिशेब तिथे लावू नका.

डिझेलच हवा का, हाही प्रश्न रास्त आहे. तुमचा ट्रेलर आठ-नऊ हजारांचा असता आणि वर्षातून दोनदा जवळच्या तळ्यापर्यंत न्यायचा असता, तर मी पेट्रोलवरचा घ्या म्हटलं असतं. फोर्डचा ७.३ लिटर किंवा जीएमचा ६.६ लिटर पेट्रोल व्ही-८ घेतला तर नव्या ट्रकात दहा हजार डॉलरच्या आसपास वाचतात, इंजिन हलकं म्हणून पेलोड वाढतो आणि देखभाल सोपी. पण तुम्ही कोलोरॅडो म्हणताय. डॅलसहून २८७ नं अमरिलो, तिथून पुढे रॅटन पास, तो साडेसात हजार फुटांच्या वर. डोंगरात आणखी पश्चिमेला गेलात तर आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेली असते. ट्रक चढतो, पण पाच हजार आरपीएमवर किंचाळत, ट्रकवाल्यांच्या लेनमध्ये. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून आत घेतो, त्यामुळे फरक फार जाणवत नाही.

माझ्या मते डिझेलचं खरं सोनं चढात नाही, उतारात आहे. हल्लीच्या तिन्ही कंपन्यांच्या ट्रकात एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोच्या पाकळ्या मिटतात, धुराची वाट अडते आणि इंजिनच गाडीला मागे खेचतं. टो-हॉल मोड (ओढतानाची गिअरची सेटिंग) लावा, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबा, घाटाच्या डोक्यावरच वेग कमी करा आणि पाय पेडलवरून काढा. गिअर आपोआप खाली उतरतात, आरपीएम चढतात, ट्रक एक वेग पकडून उतरत राहतो. पायाचा ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ पण ठाम दाबायचा आणि सोडायचा. आठ-नऊ मैल सतत धरून ठेवला की तापतो, वास येतो आणि मग ऐन वेळी लागत नाही. टेस्ट ड्राइव्हला हे बटण चालतं का ते बघाच. पाकळ्या काजळीनं अडकलेल्या टर्बोची पहिली तक्रार अनेकदा इथेच दिसते.

आता वापरलेल्यांपैकी कोणता. फोर्डचा २००३ ते २००७ मधला ६.० लिटर आणि त्यानंतरचा २०१० पर्यंतचा ६.४ लिटर, हे दोन्ही स्वस्तात दिसले तरी सोडून द्या. स्वस्त असण्याला कारण आहे. ६.० मध्ये ऑइल कूलर, ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केट ही दुखण्यांची साखळीच होती. जीएमच्या २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्सला (जीएमच्या डिझेल इंजिनाचं नाव) इंजेक्टरची व्याधी. अलीकडच्यांत फोर्डचा २०११ पासूनचा ६.७, जीएमचा २०१७ पासूनचा ६.६ आणि रॅममधला ६.७ कमिन्स, तिन्ही इंजिनं भक्कम आहेत. त्यांच्या चाहत्यांची भांडणं संपणार नाहीत, त्यात तुम्ही पडू नका.

एका पंपाबद्दल मात्र नीट समजून घ्या. सीपी४ या नावाचा हाय प्रेशर इंधन पंप. अमेरिकेतल्या डिझेलला वंगणपणा कमी, त्यात पाणी किंवा हवा गेली की या पंपाच्या आतले भाग एकमेकांवर घासून धातूचा चुरा होतो. तो चुरा इंजेक्टर, रेल, नळ्या, टाकी सगळीकडे पसरतो आणि पूर्ण इंधनयंत्रणा बदलावी लागते. बिल आठ-दहा हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. हा पंप २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये होता. २०१७ पासून जीएमनं डेन्सोचा पंप घेतला. रॅमनं २०१९ आणि २०२० मध्ये सीपी४ वापरला, मग रिकॉल काढून जुना भरवशाचा सीपी३ बसवून दिला. रॅम त्या दोन वर्षांतला असेल तर रिकॉलचं काम झालंय का, हे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर बघता येतं. फोर्डच्या ६.७ मध्येही सीपी४ च आहे. म्हणून तो घेणारच नाही असं मी म्हणत नाही. घेण्याआधी मेकॅनिककडून पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची बारीक जाळी बघून घ्या. बोटाच्या पेराएवढी ती जाळी उजेडात धरली की चंदेरी चमक दिसते किंवा दिसत नाही. दिसली तर तिथून निघा. नाही दिसली तर घ्या आणि मग इंधन फिल्टर वेळेवर, कंपनीचाच टाका.

रॅम बघताना गिअरबॉक्सही बघा. २०२५ च्या आधीच्या बहुतेक ट्रकात ६८आरएफई हा गिअरबॉक्स असतो. ३५००च्या हाय आउटपुट इंजिनाला आयसिनचा गिअरबॉक्स. जड ओढायचं तर आयसिनवाला शोधा.

धुराच्या यंत्रणेबद्दल लोक कुरकुर करतात, पण ती टाळता येत नाही. २००७ पासून डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आला. पुढे २०१०-११ च्या सुमारास डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, आलं, रॅम २५०० ला ते २०१३ पासून. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. त्याचं झाकण निळं. ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावी फिरवूसुद्धा नका, गाडी उचलूनच न्या. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला हे दाखवून ठेवा. पंपावर हिरवी नळी म्हणजे डिझेल हा नियमही सगळीकडे खरा नाही. बीपीच्या पंपावर हिरवी नळी पेट्रोलची असते. नळीवरचं नाव वाचायची सवय ठेवा.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी ट्रक स्वतः जाळतो, त्याला रीजेन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट हजार अंश फॅरेनहाइटच्या वर तापावा लागतो आणि वीस-तीस मिनिटं सलग हायवेला चालावं लागतं. तुमच्या ऑफिसच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रोज पंचवीस-तीस मैल हायवेनं जात असाल तर खुशाल न्या. पाच मैलांवरचं ऑफिस, मग कॉस्टको, मग मुलांचा कराटे क्लास असं असेल तर इंजिन धड तापतच नाही, रीजेन अर्ध्यावर तुटतो, काजळी साठते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवे लागतात. अशा घरानं डिझेल आठवड्यातून एकदा तरी तासभर मोकळ्या रस्त्यावर न्यायला हवा, शक्यतो काहीतरी ओढत. हे इंजिन कामानं थकत नाही, बसून आजारी पडतं.

याच कटकटीमुळे कित्येकांनी ही यंत्रणा काढून टाकलेली असते. अशा ट्रकला डिलीटेड म्हणतात. टेक्सासात डिझेल गाड्यांची धुराची तपासणी होत नाही, त्यामुळे इथे असे ट्रक भरपूर फिरतात आणि जाहिरातीत ते गुण म्हणून सांगितलं जातं. फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये ते बसत नाही. डीलर एक्स्चेंजला नाकारू शकतो, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि पुन्हा कायदेशीर करायला कित्येक हजार डॉलर लागतात. सरकार हा विषय किती गंभीरपणे घेऊ शकतं ते कमिन्सच्या प्रकरणात दिसलं. रॅम ट्रकांच्या इंजिनांत चाचणीला चकवणाऱ्या सोयी असल्याच्या आरोपावरून कंपनीनं १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. ओळखायला सोपं आहे. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या ट्रकचं बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर खाली वाकून बघा, मोठ्या डब्यांच्या जागी सरळ पाइप दिसेल.

ट्रक बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की सकाळी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून हात लावा. इंजिन गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसं सुरू होतं, पांढरा धूर किती वेळ येतो, यातून इंजेक्टरांची प्रकृती कळते. मग ओडोमीटरबरोबर इंजिनाचे तासही बघा, डॅशबोर्डच्या मेनूत असतात. मैलांना तासांनी भागा. एक लाख मैल आणि तीन हजार तास म्हणजे ताशी तेहतीस मैल, ठीक आहे. एक लाख मैल आणि साडेसहा हजार तास म्हणजे ताशी पंधरा. तो ट्रक एसी लावून कुठल्यातरी साइटवर उभा राहून झिजलाय. मैल कमी दिसतात, इंजिन मात्र म्हातारं झालेलं असतं.

फोर्ड आणि रॅमच्या पुढे सलग अ‍ॅक्सल असतो. ट्रॅक बार किंवा बॉल जॉइंट झिजले की साठच्या वेगात रस्त्यातल्या एखाद्या खड्ड्यावर स्टिअरिंग थडथडा हलू लागतं. टेस्ट ड्राइव्ह गल्लीत नव्हे, हायवेवर घ्या आणि पुलांच्या जोडांवरून न्या. जीएमच्या ट्रकात पुढची चाकं स्वतंत्र असल्यामुळे हा त्रास नसतो. उत्तरेकडच्या राज्यांतून आलेला ट्रक असेल तर मिठानं खालची चौकट, ब्रेकच्या नळ्या खाल्ल्या नाहीत ना ते बघा. शेवटी, स्वतंत्र डिझेल मेकॅनिककडे तीन-चारशे डॉलर देऊन तपासणी करून घ्या. चाळीस-पन्नास हजारांच्या ट्रकापुढे ते काहीच नाहीत.

खर्चाचं थोडक्यात: रिकामा असताना पंधरा ते वीस मैल प्रति गॅलन, तुमचा कॅम्पर लावल्यावर आठ ते अकरा. वाऱ्याविरुद्ध अमरिलोकडे जाताना आठच धरा. ऑइल बदलताना दहा ते तेरा क्वार्ट लागतं, इंधनाचे बहुधा दोन फिल्टर. टायर लोड रेंज ई चे, म्हणजे जास्त भार पेलणारे, ते साध्या एसयूव्हीच्या टायरांपेक्षा बरेच महाग. आणि घराचं मोजमाप आधी घ्या. क्रू कॅबची लांबी शॉर्ट बेडमध्येच वीस फुटांच्या आसपास, लाँग बेडमध्ये बावीस फुटांपर्यंत. आपल्याकडच्या सबर्बातल्या बहुतेक गराजांची खोली वीस फूट असते. ट्रक बाहेरच राहणार, आणि मग एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) काय म्हणते ते नियमावलीत बघावं लागेल. कॅम्परला तर बहुतेक ठिकाणी दारात उभं राहूच देत नाहीत, त्याच्या स्टोरेजचं भाडं महिन्याच्या हिशेबात धरा.

बेडची लांबी मात्र केवळ पार्किंगची बाब नाही. शॉर्ट बेडच्या ट्रकला फिफ्थ व्हील लावून काटकोनात वळवलं की कॅम्परचा पुढचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेला लागू शकतो. त्यासाठी सरकणारी हिच घ्यावी लागते, ती महाग आणि जड, म्हणजे पेलोडमधून आणखी शंभर-एक पाउंड गेले. आठ फुटी बेड मिळत असेल तर तोच घ्या.

ट्रक घेतल्यावर कोलोरॅडोला निघायच्या आधी एकदा पाण्याच्या टाक्या, भांडी, कपडे सगळं भरून, चौघं बसून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, जा. तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. वीस डॉलरच्या आत चिठ्ठी हातात येते. मग कॅम्पर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक परत वजन करा. पहिल्या चिठ्ठीतल्या ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेतून हा आकडा वजा केला की खरा पिन वेट मिळतो. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावरच्या स्टिकरवरच्या मागच्या जीएडब्ल्यूआरशी, म्हणजे त्या एका अ‍ॅक्सलच्या भाराच्या मर्यादेशी, ताडून बघा. तो वर गेला असेल तर कॅम्परच्या पुढच्या कप्प्यातलं जड सामान मागे, अ‍ॅक्सलच्या जवळ हलवा आणि पुन्हा वजन करा. मात्र पिन वेट १५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागेल.